नंबर असेल ते नानांचं

थोरलीला किळस ठाऊकच नाही, असं तिच्या धुलाईघरात सगळे म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. मोठ्या इस्पितळाच्या तळघरातलं ते धुलाईघर. वरच्या सगळ्या मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे ढकलगाड्यांतून तिथे उतरत, आणि यंत्रात घालण्याआधी ते हाताने वेगळे करावे लागत. सुरुवातीची बरीच वर्षं थोरलीने हेच काम केलं. पुढे ती तिथली मुकादम झाली, तरी एखादी नवी बाई नाकाला रुमाल लावून कोपऱ्यात उभी राहिली की ही स्वतः हातमोजे चढवून पुढे व्हायची. "माणसाच्या अंगातूनच निघालंय ना? मग झालं तर," एवढं म्हणायची आणि दुपारी त्याच बाकावर बसून खुशाल डबा खायची.

अशा बाईला किळस कळली ती वडील गेल्यावर. मेलेल्या माणसामुळे नव्हे. दोन जिवंत माणसांमुळे.

वडिलांना घरात नाना म्हणत. एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, पट्टे, ग्रीसचे डबे, जे काही दारातून आत येईल त्यावर लाल रंगाने नंबर घालायचा आणि मगच ते फळीवर ठेवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. माणसं निवृत्त होतात तेव्हा काम ऑफिसात ठेवून येतात. नाना ते निवृत्त व्हायच्या कितीतरी आधीपासूनच घरी आणत होते. घरात नवी वस्तू आली की ती कुठे ठेवायची, कशी वापरायची हे नंतर. आधी नाना चष्मा लावून, बारीक ब्रश घेऊन जमिनीवर बसायचे, वस्तू उलटी करायचे आणि तिच्या बुडाला नाहीतर पाठीला लाल नंबर घालायचे. "नंबर पडला की वस्तू घरात आली," असं ते म्हणत. खुर्च्या, बादल्या, कुंड्या, इस्त्री, आरसा, कशाचीही सुटका नव्हती. या नंबरांची वही कुठे आहे असं कुणी विचारलं तर स्वतःच्या कपाळावर बोट ठेवायचे. आता ते कपाळही गेलं आणि आतला हिशेबही.

मृत्युपत्र मात्र कागदावर होतं, आणि अगदी आटोपशीर. घर भाड्याचं, बँकेत अंत्यविधीपुरतं. राहता राहिलं ते सामान. ते तिन्ही मुलांना सारखं द्यावं, किंमत थोरलीने लावावी, वाटणी तिने करावी आणि तिचा शब्द शेवटचा. वकिलाने तिला सांगितलं की कायद्याच्या भाषेत आता ती एक्झिक्युटर. धुलाईघरात हे कळलं तेव्हा बायकांनी तिला दिवसभर 'साहेब' म्हणून हाका मारल्या.

"प्रत्येक वस्तूची आजची किंमत लावा," वकील म्हणाला. तो तरुण होता आणि टेबलावर कागदाचा कपटाही पडू देत नव्हता. "म्हणजे विकली तर काय येईल ते. आणि फक्त वडिलांच्या सामानाची बरं का. तुमचं स्वतःचं काय असेल ते आधी बाजूला काढा."

"घरातलं बहुतेक माझंच आहे. पगारातून घेतलेलं."

"पावत्या?"

"कोण ठेवतं?"

"मग भावंडांना विचारा. ते हो म्हणाले की विषय संपला. सख्खी भावंडं आहेत, नाही कशाला म्हणतील?"

हा वकील आईबापांना एकटाच असावा.

थोरलीने सगळा जन्म त्या घरात काढला होता. लग्न केलं नाही, की झालं नाही, हा प्रश्न लोक विचारायचे थांबले त्यालाही खूप दिवस झाले होते. नाना गेल्यावर घरमालकाला घर हवं होतं आणि तिने इस्पितळाजवळ एक खोली बघून ठेवली होती. त्या खोलीत तिला फ्रीज, कपाट, टेबल, कपडे धुण्याचं यंत्र, सगळं लागणार होतं. ते नव्याने घ्यायची तिची ऐपत नव्हती. पण खरं सांगायचं तर ऐपतीची गोष्ट दुय्यम. तिला एकदा त्या दोघांच्या तोंडून ऐकायचं होतं, की ताई, हे तुझं आहे. बाकी काही नको होतं.

दोघं आली. भाऊ बाळ्या, पन्नाशीला टेकलेला, टकलाला तेल लावणारा, दुसऱ्या शहरात मोठ्या दुकानाचा मॅनेजर, पण घरात बाळ्याच. बहीण चिमू, तिचा नवरा बांधकामवाला आणि तिच्या पर्समध्ये हात पुसायचे ओले कागद. आल्या आल्या तिने त्यातला एक काढून दाराची कडी पुसली. नाना आजारी असताना तीन वर्षांत ही दोघं जितक्या वेळा आली असतील, त्याहून जास्त फेऱ्या त्यांनी त्या पहिल्या सकाळी घरात मारल्या. सोबत बाळ्याने जुनं सामान विकत घेणारा एक सामानवाला आणला होता. हा मनुष्य खिशातल्या किल्लीने प्रत्येक लाकूड ठोकून बघे, खण ओढून त्यात नाक घालून वास घेई आणि मग आकडा सांगे. नानांच्या बनियनच्या खणातही त्याने नाक घातलं. थोरलीने तोंड फिरवलं.

"आधी माझं काय ते बाजूला काढू," ती म्हणाली. "फ्रीज माझा, कपाट माझं, जेवणाचं टेबल..."

बाळ्या खाली वाकला. फ्रीज भिंतीपासून ओढून मागे बघितलं. "ताई, यावर तर नंबर आहे."

"असणारच. नंबर सगळ्यांवरच आहे."

"तेच म्हणतोय. नंबर आहे म्हणजे नानांचं. नाहीतर त्यांनी कशाला घातला असता?"

"बाळ्या, तुला माहीत नाही हा फ्रीज कुणी घेतला ते?"

"मला कसं आठवेल? मी तेव्हा अभ्यासात होतो." आणि मग अगदी समजूतदार आवाजात, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तसं, "हे बघ, तोंडी बोलण्यावर गेलो तर भांडणं होतील. त्यापेक्षा एक नियम ठेवू. नंबर असेल ते नानांचं, नसेल ते तुझं. साधा हिशेब."

"मला पण बरोबर वाटतं," चिमू म्हणाली. "म्हणजे कुणावर अन्याय नको."

थोरलीने घरभर नजर फिरवली. नंबर नसलेलं त्या घरात काय होतं? हवा होती, आणि ती स्वतः होती. पण भांडायचं कसं हे तिला कधी जमलंच नव्हतं. कोपऱ्यात घाण साचली तर ती उपसता येते. समोरचा माणूस गोड बोलून घाण करत असेल तर तिला हात कुठे घालावा तेच कळायचं नाही. तिने कागद पुढे ओढला.

मग सुरू झालं ते बघून कुणालाही शिसारी आली असती. ज्याला जी वस्तू हवी तिची किंमत त्याच्या हिश्शातून वजा होणार होती. त्यामुळे जे हवं त्याची जितकी निंदा होईल तितकी चांगली. बाळ्याचा डोळा टेबलावर होता, तर त्या टेबलाला कुणी हातही लावणार नाही अशा सुरात तो बोलू लागला. पाय हलतो, पॉलिश उडालंय, वाळवी असेल. चिमूला कपडे धुण्याचं यंत्र घरच्या मोलकरणीसाठी हवं होतं. "शी, याच्यात नानांचे कपडे धुतलेत ना ताई? तसले? मग याला कोण काय देणार?" असं म्हणून तिने झाकण दोन बोटांनी उचललं आणि बोटं पुसली. पण किंमत पडल्यावर तेच यंत्र तिच्या गाडीत मावेल का हे टेपने मोजून बघितलं. आणि ज्या वस्तू कुणालाच नको होत्या, त्या थोरलीच्या हिश्शात जाणार म्हणून त्यांच्यावर एकदम माया दाटून आली. फुटक्या कडेचा आरसा म्हणजे जुनं काम. भोक पडलेली घमेली म्हणजे अस्सल पितळ. सामानवाला त्या दोघांच्या तोंडांकडे बघून आकडे खालीवर करत होता. सकाळीच हात ओले झाले असावेत.

दुपारी कपाटाची पाळी आली. लोखंडी, आरशाचं, थोरलीने मुकादम झाल्यावर घेतलेलं. तिला ते खोलीत हवंच होतं. सामानवाल्याने दार उघडमिट केलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "गंजलंय ते. कुलूपही धड नाही."

कुलूप ठणठणीत होतं. अर्ध्या दिवसात त्या दोघांचा वारा तिलाही लागला होता. ती मोरीत गेली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि परत येऊन कपाटाची किंमत सामानवाल्याने सांगितलेल्याच्या दीडपट लिहिली. बाळ्याने त्याला हरकत घेतली नाही.

सगळ्यात वाईट प्रकार चहाच्या वेळी झाला. चिमूने तिचा हात धरला, थोरलीला वाटलं मायेने. तिने मनगट उलटं केलं, घड्याळ जरा सरकवलं आणि म्हणाली, "ताई, राग मानू नकोस हं. पण यावरसुद्धा आहे की."

होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेलं घड्याळ. नानांनी त्याच संध्याकाळी काढून घेतलं होतं आणि पाठीवर मुंगीएवढा नंबर घालून परत दिलं होतं. थोरली ते धुलाईघरात कौतुकाने दाखवायची. आमच्या नानांनी मलाही स्टोअरमध्ये जमा केलंय, असं म्हणून हसवायची. तिने पट्टा सोडला आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. सामानवाल्याने ते कानाला लावलं. चिमू चहाचा घोट घेत म्हणाली की नियम म्हणजे नियम, तिला स्वतःलाच किती वाईट वाटतंय. खरंच वाटत असावं, कारण तिने बिस्किटं दोनच खाल्ली.

उरली आतली खोली. तिथे तीन वर्षं नाना पडून होते. दार उघडलं तसा बाळ्या उंबऱ्यावरच थांबला आणि चिमूने नाकावर कागद धरला. खिडकी उघडी होती, फरशी फिनेलने पुसलेली होती, तरी वास होता. आजाराचा वास लाकडात बसतो, तो लगेच जात नाही. मधे पलंग. उंच पायांचा, साध्या लाकडाचा, जाडजूड. नाना जमिनीलगतच्या त्यांच्या खाटेवरून उठू शकेनासे झाले तेव्हा थोरलीने आपला पलंग त्यांना दिला आणि स्वतः खाली गादी टाकून झोपू लागली. त्याच्यावर त्यांना कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं, कपडे बदलले, आणि त्याच्यावरच ते गेले. गादीवर मोठा पिवळट डाग होता. लाकडावरही एका बाजूला पाणी मुरून काळं झालं होतं.

सामानवाल्याने किल्ली खिशातच ठेवली. "याचं काही येणार नाही. उलट उचलून न्यायचे द्यावे लागतील."

थोरली वाकली, डोक्याकडची फळी बघितली. लाल नंबर तिथे होता, नीट. "आहे," ती म्हणाली आणि कागदावर लिहायला लागली. "नानांचा. तिघांत."

"अगं, थांब थांब," बाळ्या म्हणाला. "हा कशाला तिघांत? हा तर तुझाच ना?"

थोरलीने मान वर केली.

"तूच घेतलेलास की. पहिल्या बोनसचा." तो उंबऱ्यावरूनच बोलत होता. "मला चांगलं आठवतंय. मी आणि तो हातगाडीवाला, दोघांनी जिन्यावरून चढवला, वळणावर अडकला म्हणून पाय काढावे लागले. त्या दिवशी तू सगळ्यांना आइस्क्रीम दिलंस."

"हो ना," चिमू कागदाआडून म्हणाली. "आणि मी हट्ट केला म्हणून पहिल्या रात्री मला झोपू दिलंस. हा ताईचाच. याला नंबरचं काय घेऊन बसायचं?"

सामानवाल्याने नजर खिडकीकडे वळवली, आणि तो काही लाजणारा मनुष्य नव्हता. बाळ्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. चिमूच्या आधी लक्षात आलं, कारण तिने नाकावरचा कागद खाली घेतला.

म्हणजे यांना सगळं आठवत होतं. थोरलीला इतका वेळ उगाच वाटत होतं की विसरली असतील, लहान होती, आपापल्या संसारात गेली, माणूस विसरतो. ती मनातल्या मनात त्यांची बाजू घेत होती. आणि यांना जिन्याचं वळणसुद्धा पाठ होतं. फक्त डागाचा पलंग तिच्या गळ्यात मारायचा होता, म्हणून आठवण जागी झाली. तिच्या पोटातून एक आंबट उमाळा घशापर्यंत आला. धुलाईघरातल्या कुठल्याही गाडीने तो कधी आणला नव्हता.

"बस," ती बाळ्याला म्हणाली.

"कुठे?"

"पलंगावर. माझाच आहे, मी बस म्हणतेय. चिमू, तूही."

आवाज मुकादमाचा होता. दोघं आत आली आणि गादीच्या अगदी कडेला, डागापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसली. थोरली समोर उभी राहिली. तिने सामानवाल्याला घरी जायला सांगितलं आणि कागद उलटा केला.

"एक्झिक्युटर मी आहे. माझा शब्द शेवटचा, असं लिहिलंय. सकाळचा नियम रद्द. आता पुन्हा पहिल्यापासून. मी वस्तू सांगते, तुम्ही सांगायचं कुणी घेतली. आठवत नाही असं म्हणायचं नाही. फ्रीज."

बाळ्याने खाली बघितलं. "ताई, तू उगाच..."

"फ्रीज, बाळ्या."

"तुझा."

"टेबल."

"तुझं. आईचं पहिलं होतं ते मोडलं तेव्हा."

"कपड्यांचं यंत्र."

"तुझं," चिमू म्हणाली आणि रडायला लागली. थोरलीने रडू दिलं आणि पुढची वस्तू विचारली. कपाट, इस्त्री, पंखे, पडदे, घड्याळ, खुर्च्या. एकेक 'तुझं' येत गेलं, आधी कुंथत, मग भराभर, दोघांनाही तिथून उठायची घाई झाली तसं. जे ऐकायला ती इतके दिवस आसुसली होती ते असं खोलीभर पडत होतं, आणि तिला त्यातलं एकही उचलून घ्यावंसं वाटत नव्हतं.

बायका घरात असतातच, त्यांचं सामान घराचंच, असं कुणी म्हणालं असतं तरी तिला इतकं लागलं नसतं. पण खुर्च्यांपाशी येता येता तिला दुसरंच काही आठवलं, आणि ते या दोघांचं नव्हतं. तिशीत असताना तिने एकदा इस्पितळाजवळ खोली घेतली होती. अनामतही दिली होती. नाना खुर्चीत पेपर वाचत होते. रागावले नाहीत. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "जा की. तुझं काय असेल ते घेऊन जा." ती घरभर फिरली, एकेक वस्तू उलटी करून बघितली. कपबशीपासून पलंगापर्यंत लाल नंबर. तिला हसू आलं. नानाही हसले. ती राहिली. ही गोष्ट तिने धुलाईघरात किती वेळा रंगवून सांगितली असेल, आणि बायका किती हसल्या असतील.

बाळ्याने आणि चिमूने नवीन असं काहीच शोधून काढलं नव्हतं. जे नानांनी करून ठेवलं होतं ते त्यांनी वापरलं, एवढंच. वस्तू आली की तासाभरात चष्मा लावून जमिनीवर बसणारा तो म्हातारा भोळा नव्हता. त्याला ठाऊक होतं कुणाच्या पगाराची वस्तू आहे, आणि नंबर कशाला घालायचा ते.

तीन वर्षं तिने त्याचं सगळं काढलं होतं. लघवी, शौच, थुंकी, पाठीच्या जखमांतला पू. एकदाही नाक मुरडलं नव्हतं. आता तिला त्या माणसाची किळस आली. अशी, की तिने खिडकीच्या गजाला धरलं आणि थोडा वेळ बाहेर तोंड करून उभी राहिली.

"ताई, पाणी आणू?" चिमूने विचारलं.

"नको. संपत आलंय."

नानांचं खरोखर नानांचं असं जे निघालं, ते तिने स्वतः गोळा केलं. दातांची कवळी, दाढीचं सामान, गजराचं घड्याळ, चष्मा, एक कोट, चार बनियनं, काठी, आणि माळ्यावरची खाट. खाट सोडली तर सगळं एका टोपलीत मावलं. तिने किंमत लिहिली, कागदावर सही केली आणि टोपली बाळ्याच्या मांडीवर ठेवली. कवळी वरच होती. त्याने हात मागे घेतले.

"ही नानांची इस्टेट," थोरली म्हणाली. "तिघांत सारखी वाटायची आहे. माझा हिस्साही तुम्हीच घ्या."